घराच्या कामाचा माल कोणी आणायचा, आपण की ठेकेदारानं?

आमच्या हिंगणघाटकडं घराची कामं निघतात ती कापसाचे पैसे हाती आल्यावर, आणि मिरगाच्या आत ती उरकायची असतात. त्या घाईत ठेकेदाराला म्हणून बसतो, "मालासकट तूच कर बाप्पा." न्हाणीघराचं काम मी असंच देऊन टाकलं होतं. वर्षभरात भिंतीला ओल धरली. नव्या टाइल्स फोडल्या, तर आतून बिनछापाचा पाइप निघाला, सांध्यात झिरपत असलेला. बिल कुठलंच नव्हतं.

तेव्हापासून जे भिंतीत किंवा स्लॅबमध्ये गाडलं जाणार, ते मीच आणते. सिमेंट, लोहा, पाइप, वायर. आयएसआयचा शिक्का बघायचा, पक्कं बिल आपल्या नावानं घ्यायचं. पण काय आणि किती लागेल हे मिस्त्रीकडून आधी कागदावर लिहून घ्या, आणि माल उतरला की त्यालाच तपासायला लावा. नाहीतर गळायला लागलं की "ताई, माल तर तुमचाच होता," असं म्हणून तो मोकळा होतो.

सगळ्यात जास्त नुकसान होतं रेतीत. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. ट्रॉली उलटायच्या आधी टेप घेऊन स्वतः वर चढा. मागच्या उन्हाळ्यात दारात आलेली ट्रॉली मी मोजली: 10 फूट लांब, 6 फूट रुंद, रेतीची उंची दीड फूट. झाले 90 घनफूट, आणि ड्रायव्हर पैसे मागत होता पुऱ्या ब्रासचे. मी 90 चेच दिले. त्यातही ओलसर रेती फुगलेली असते, कधी पाव हिश्शापर्यंत, म्हणून कोरडीच मागा. माती किती आहे तेही कळतं. काचेच्या बाटलीत अर्धी रेती, वर पाणी, चिमूटभर मीठ घालून हलवा आणि तीन तास ठेवा. वर बसलेला गाळ रेतीच्या बाराव्या हिश्शाहून जाड दिसला, तर ती रेती घेऊ नका.

सिमेंट लागेल तसं आणा. पोत्यावर आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं, तीन महिन्यांहून जुनं नको. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर दूर रचा. लोहा वजनावर घ्या. 10 मिमीची 12 मीटर सळाख साधारण 7.4 किलो भरते. टाइल्सच्या सगळ्या पेट्यांवर बॅच एकच हवी, आणि एक पेटी जास्तीची.

खिळे, बाइंडिंग तार, सेंटरिंगचं, म्हणजे स्लॅब ओतताना खालून आधार द्यायचं सामान मिस्त्रीवर सोडा.

तुम्ही नोकरीला पुण्या-मुंबईला असाल आणि गावात बघायला कोणी नसेल, तर मालासकट ठेका देणंच बरं. रोज एका पोत्यासाठी फोनवर काम अडवून ठेवण्यात अर्थ नाही. मात्र सिमेंट, पाइप, वायर कोणत्या कंपनीची हे करारात लिहा, गाडण्याआधी प्रत्येक वस्तूचा छापासकट फोटो मागवा, आणि शेवटचा हप्ता मिरगाचा पहिला मोठा पाऊस छतावरून जाईपर्यंत देऊ नका.