खवळलेल्या समुद्रात मित्रांसोबत बोट नेताना या चुका टाळा

स्वतःच्या बोटीतून किनाऱ्यालगत फिरताना दिवस बिघडतो तो बहुधा एखाद्या अजस्र लाटेमुळे नव्हे, तर परत फिरण्याचा निर्णय तासभर उशिरा झाल्यामुळे. सर्वांची सुट्टी कशीबशी जुळलेली असते, कोणाचाही विरस करणे सुकाणू धरणाऱ्याच्या जिवावर येते आणि ‘पुढे शांत होईल’ असे म्हणत बोट पुढे जात राहते. म्हणून परतण्याची अट धक्का सोडण्यापूर्वीच सर्वांसमक्ष ठरवावी. वारा 20 नॉटच्या (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किलोमीटर) वर गेला किंवा ठरलेल्या वेळेपर्यंत ठरलेले ठिकाण आले नाही, तर चर्चा न करता बोट वळवायची.

ही भीड महाग पडते, याचे कारण साध्या गणितात आहे. वारा पाठीमागून 15 नॉटने वाहत असेल आणि बोटही त्याच दिशेला 8 नॉटने जात असेल, तर बोटीवर जाणवणारा वारा जेमतेम 7 नॉटचा असतो आणि मंडळी खुशीत असतात. बोट वळली, की तोच वारा तोंडावर 23 नॉटचा होतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे तो दहा पटींहून अधिक भरतो. जाताना लागलेला वेळ परतीलाही पुरेल असे मानणे ही यातूनच होणारी दुसरी चूक होय. इंधनाचा एक तृतीयांश भाग जाण्यासाठी, एक तृतीयांश परतण्यासाठी आणि उरलेला राखीव, हा जुना नियम अशा दिवसांसाठीच आहे.

हवामानाच्या अंदाजातील लाटेची उंची म्हणजे कमाल उंची, असाही एक गैरसमज आहे. तो आकडा सर्वांत उंच एक तृतीयांश लाटांची सरासरी असतो; अंदाज दीड मीटरचा असला, तरी अधूनमधून जवळपास तीन मीटरची लाट येऊ शकते. शिवाय भरती-ओहोटीचा प्रवाह वाऱ्याच्या विरुद्ध वाहू लागला, की त्याच वाऱ्यातल्या लाटा आखूड आणि उभ्या होतात. खाडीच्या मुखाशी ओहोटीचे पाणी बाहेर पडत असताना समुद्राकडून लाटा येत असतील, तर घाईने आत शिरू नये. भरती सुरू होईपर्यंत बाहेर खोल पाण्यात थांबणे कंटाळवाणे असले, तरी तेच योग्य. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सुमारे 1.3 पट उरली, की लाट फुटते आणि मुखाशी असलेल्या वाळूच्या दांड्यावर नेमके तेच घडते.

इंजिन बंद पडणे

वर्षभर बिनतक्रार चाललेले इंजिन नेमके खवळलेल्या पाण्यात का बंद पडते, याचे उत्तर बहुतेक वेळा टाकीच्या तळाशी सापडते. तिथे साचलेला गाळ आणि पाणी हेलकाव्यांनी ढवळून निघते व फिल्टर तुंबतो. अशा वेळी सर्वांनी मिळून इंजिनाभोवती गर्दी करणे ही मोठी चूक, कारण तोवर बोट आडवी होऊन लाटा कुशीवर घेऊ लागलेली असते. किनारा जवळ असेल, तर आधी नाळेवरून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरून, नांगर टाकावा आणि त्याचा दोर खोलीच्या पाच ते सात पट सोडावा. खोली मोजताना पाण्यापासून नाळेची उंची आणि चढणारी भरती त्यात धरावी. त्यानंतरच फिल्टर बदलावा, पाणी निथळून काढावे आणि डिझेल इंजिन असल्यास इंधनवाहिनीतील हवा काढावी. जादा फिल्टर आणि तो उघडण्याचा पाना बोटीवर नसेल, तर हे सारे ज्ञान व्यर्थ आहे.

इंजिन चालू असून तापमान चढत असेल, तर थंड करणारे पाणी बाहेर पडते आहे की नाही ते पाहावे. ते थांबले असल्यास पाणी ओढणाऱ्या तोंडाशी प्लास्टिक किंवा शेवाळ अडकले असेल, अथवा पंपाचा इंपेलर (पाणी ढकलणारे पात्यांचे चाक) तुटला असेल. बोट ढकलणाऱ्या पंख्यात दोर गुंतल्याची शंका आल्यास आधी इंजिन बंद करावे, मगच हात घालावा.

सोबतची मंडळी

ज्याला बोट लागते, त्याने गोळी निघण्यापूर्वी घ्यावी. उलट्या सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. त्याला खाली केबिनमध्ये निजवू नये, मोकळ्या हवेत बोटीच्या मध्यावर बसवून क्षितिजाकडे पाहायला सांगावे. उलटीसाठी कठड्यावरून वाकलेला माणूसच पाण्यात पडण्याचा संभव अधिक, म्हणून त्याच्या हाती बादली द्यावी. लाईफ जॅकेट कपाटात नव्हे, अंगावर असावे.

सुकाणूवरचा माणूसच पाण्यात पडला तर काय, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. निदान आणखी एकाला इंजिन थांबवणे, तरंगते कडे फेकणे आणि व्हीएचएफ रेडिओच्या 16 क्रमांकाच्या चॅनलवर ‘मेडे’ ही संकटाची हाक तीनदा उच्चारून बोटीचे नाव, ठिकाण व माणसांची संख्या सांगणे यायलाच हवे.

निघताना किनाऱ्यावरील ज्या व्यक्तीला परतण्याची वेळ सांगितली असेल, तिला धक्क्याला लागताच कळवावे. दमलेली मंडळी हे हटकून विसरतात आणि आपण घरी झोपलेले असताना आपला शोध समुद्रात सुरू होतो.