टॅक्स शून्य येतोय, तरी रिटर्न भरायचं का? आपलं आपण कसं ठरवायचं

२०२५ च्या बजेटमध्ये बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही असं जाहीर झालं आणि तेव्हापासून ठाण्यात ज्याला त्याला वाटतंय की आता रिटर्नची पण कटकट गेली. नाही गेली. टॅक्स किती लागतो हा एक प्रश्न आणि रिटर्न भरावं लागतं का हा दुसरा, आणि सगळा घोळ होतो तो हे दोन एकत्र केल्यामुळे. बारा लाखांचा आकडा रिबेटचा आहे, म्हणजे आधी टॅक्स काढायचा आणि मग सरकार तो माफ करतं. रिटर्नची रेषा खूप खाली आहे, नवीन कर पद्धतीत (न्यू टॅक्स रेजीम) ४ लाखांवर. खाली जे आकडे दिलेत ते १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या वर्षाचे आहेत, आधीच्या वर्षाचं बघत असाल तर ४ च्या जागी ३ लाख धरा.

सुरुवात पासबुकापासून करू नका, इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर लॉगिन करून आधी एआयएस (तुमच्या वर्षभराच्या व्यवहारांचं स्टेटमेंट) उघडा. व्याज, डिव्हिडंड, शेअर-म्युच्युअल फंडाची विक्री, घराचा व्यवहार, कापलेला टीडीएस (पैसे देणाऱ्याने आधीच कापून सरकारकडे भरलेला टॅक्स), असं डिपार्टमेंटला तुमच्याबद्दल जे कळलंय त्यातलं बहुतेक तिथे दिसतं. भाडं रोखीत घेत असाल तर ते दिसणार नाही पण ते उत्पन्न तुमचंच आहे, ते तुम्ही मिळवायचं. मग बेरीज. पगार किंवा पेन्शन असेल तर त्यातून ७५,००० स्टँडर्ड डिडक्शन आधी वजा होतं, घरभाड्यातून मालमत्ता कर वजा करून उरलेल्यातले ३० टक्के जातात, आणि मग जे उरतं ते ४ लाखांशी ताडून बघायचं. पीपीएफचं व्याज, मुलाने घरखर्चाला पाठवलेले पैसे, हे यात येत नाही. ८०सी वगैरे (विमा, पीपीएफ अशा गुंतवणुकीच्या) वजावटी मात्र इथे धरायच्या नाहीत, त्या वजा करायच्या आधीचा आकडा बघायचा असतो, आणि नेमकं इथेच लोक चुकतात.

एक हिशोब करून दाखवतो. समजा नौपाड्यातले एक काका आहेत, वय ६८, महापालिकेतून रिटायर, पेन्शन महिना ३०,००० म्हणजे वर्षाला ३,६०,०००. त्यातून ७५,००० गेले, उरले २,८५,०००. बँकेत एफडी आहेत, त्यांचं व्याज १,४०,०००. बेरीज ४,२५,०००, म्हणजे रेषेच्या वर. टॅक्स रिबेटमुळे शून्य, पण रिटर्न भरावंच लागणार. आता गंमत बघा, ज्येष्ठांना एका बँकेतलं व्याज वर्षाला १ लाखाच्या वर गेलं की बँक टीडीएस कापते, आणि काकांनी १५एच (माझा टॅक्स शून्य आहे, टीडीएस कापू नका असं ज्येष्ठांनी बँकेला द्यायचा फॉर्म) दिलाच नसेल तर पूर्ण १,४०,००० वर १० टक्के म्हणजे १४,००० कापले गेलेत. ते परत मिळायचा रस्ता एकच, रिटर्न. "माझ्यावर टॅक्स नाही, मी कशाला भरू" म्हणत काका दर वर्षी चौदा हजार सोडून देणार असतील तर काय बोलणार.

ऐंशीच्या वरच्यांना जुन्या पद्धतीत ५ लाखांची मर्यादा आहे हे बरोबर आहे (६० ते ८० ला ३ लाख, त्याखाली अडीच), पण आता नवीन पद्धत आपोआप लागू असते आणि तिथे सगळ्या वयांना ४ लाख. जुनी हवी असेल तर ती निवडायची पण रिटर्नमध्येच, त्यामुळे आजोबांचं उत्पन्न साडेचार लाख असेल तर सरळ भरून टाका, वाद घालत बसू नका. पंचाहत्तरी पार केलेल्यांना एक सवलत आहे खरी, पण फक्त पेन्शन आणि त्याच बँकेतलं व्याज असेल आणि बँकेला तसं डिक्लरेशन दिलं असेल तर. दुसऱ्या बँकेत एक एफडी असली, तिथून चार पैसे व्याज आलं की ती सवलत गेली, आणि आपल्याकडे एकाच बँकेत सगळे पैसे ठेवणारा ज्येष्ठ नागरिक मला तरी अजून भेटायचाय.

आता उत्पन्न ४ लाखांच्या खाली असूनही भरावं लागणारे. ही यादी कुणी वाचत नाही. परदेश प्रवासावर स्वतःसाठी किंवा दुसऱ्या कुणासाठी वर्षात मिळून २ लाखांच्या वर खर्च केला तर रिटर्न लागतं. मुलाने अमेरिकेहून आईबाबांची तिकिटं काढली तर तो खर्च मुलाचा, पण बाबांनी स्वतःच्या पैशाने दोघांची युरोप टूर केली तर बाबांचा. आणि टूर पॅकेज ५ लाखांचं असेल तर त्यावर ५ टक्के म्हणजे २५,००० टीसीएस (टूर कंपनीने तुमच्याकडून आधीच घेऊन सरकारकडे भरलेला टॅक्स) लागलेला असतो, आणि टीडीएस-टीसीएस मिळून २५,००० किंवा जास्त झाले (ज्येष्ठांना ५०,०००) की रिटर्नसाठी तो वेगळा नियम लागतो. म्हणजे साठीच्या आतले असाल तर एकाच टूरने दोन नियमांत अडकलात, पण तो टीसीएस पण रिटर्नमधूनच परत मागता येतो, हे विसरू नका.

लाईटबिल वर्षाला १ लाखाच्या वर गेलं तरी भरायचं. ऐकायला जास्त वाटतं पण महिन्याला सरासरी ८,३०० च्या आसपास येतं, घोडबंदर रोडला किंवा पाम बीचला मोठा फ्लॅट आणि तीन एसी असतील तर महावितरणचं बिल तिथपर्यंत जातं, बारा बिलं काढून एकदा बेरीज करून बघा. सेव्हिंग खात्यांमध्ये वर्षभरात मिळून ५० लाख किंवा जास्त जमा, करंट खात्यात १ कोटीच्या वर जमा, हेही आहेच. रिटायर झालात त्या वर्षी पीएफ, ग्रॅच्युइटी सगळं एकदम खात्यात येतं तेव्हा ५० लाखांवाला नियम नक्की तपासा, पैसे टॅक्स फ्री असले तरी.

दुकानदारांसाठी वेगळं. धंद्याची उलाढाल वर्षाला ६० लाखांच्या वर असेल तर नफा कितीही असो, रिटर्न लागतंच. जांभळी नाक्यावर किराण्याचं चालतं दुकान असेल तर महिन्याला पाच लाखांची विक्री म्हणजे काही फार नाही. ६१ लाख धरा, सगळे पैसे यूपीआयने आले तर छोट्या धंद्यांसाठीच्या अंदाजे नफ्याच्या नियमात ६ टक्क्यांच्या हिशोबाने नफा ३,६६,००० धरता येतो, ४ लाखांच्या खाली, आणि तरीही रिटर्न भरायचंच. डॉक्टर, आर्किटेक्ट, वकील अशा प्रोफेशनवाल्यांना हीच मर्यादा १० लाख फीची.

फ्लॅट विकलाय का? कासारवडवलीचा फ्लॅट ८५ लाखांना विकला, आलेल्या पैशात दुसरं घर घेतलं, कॅपिटल गेनवर (विक्रीतल्या नफ्यावर) सूट मिळाली, टॅक्स शून्य. पण सूट घ्यायच्या आधीचा नफा धरून मर्यादा बघायची असते, शिवाय खरेदीदाराने १ टक्का म्हणजे ८५,००० टीडीएस कापलेलाच आहे. तेव्हा "पैसे घरातच गुंतवले" हे कारण चालत नाही, ते रिटर्नमध्ये लिहूनच दाखवायचं.

ऐरोली-महापेच्या आयटी कंपन्यांतल्या मंडळींनी इथे थांबून वाचा. तुमच्या कंपनीची मालक कंपनी अमेरिकेतली असेल आणि तुम्हाला तिचे आरएसयू (कंपनी कर्मचाऱ्यांना पगाराचा भाग म्हणून देते ते शेअर) मिळून शेअर तुमच्या नावावर आले असतील, किंवा ॲपवरून तिकडचा एखादा शेअर घेतला असेल, तर ती परदेशातली मालमत्ता झाली. तुम्ही इथले नेहमीचे रहिवासी असाल तर उत्पन्न कितीही कमी असलं तरी रिटर्न लागतं आणि त्यात ती मालमत्ता दाखवावी लागते. विकला नाही, डिव्हिडंड आला नाही, तरीही. हे लपवण्याचे दंड फार मोठे आहेत आणि तिकडची माहिती आपल्या डिपार्टमेंटकडे येते, त्यामुळे इथे अजिबात शॉर्टकट नको. आणि हो, इथल्या शेअरवर कमी मुदतीचा नफा असेल तर त्यावरच्या २० टक्के टॅक्सला बारा लाखांचं रिबेट नाही, पगार नऊ लाख असला तरी तेवढा टॅक्स भरावा लागतो.

बाकीचं पटकन. कंपनी, पार्टनरशिप फर्म, एलएलपी यांना तोटा असला तरी भरायचं. फक्त शेतीचं उत्पन्न असेल तर नाही. मुलगा दुबईत आणि फ्लॅट खारघरला भाड्याने, तर इथलं उत्पन्न ४ लाखांच्या वर गेलं की त्याला भरावं लागतं, आणि त्याला ते बारा लाखांवालं रिबेट मिळत नाही कारण ते इथल्या रहिवाशांनाच आहे. लहान मुलाच्या नावच्या एफडीचं व्याज आईबाबांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्यात मिळवतात, पण घोडबंदरच्या सेटवर सिरियलमध्ये काम करणाऱ्या मुलाची कमाई त्याच्या स्वतःच्या कलेची, ती त्याची वेगळी, रिटर्न पालकांनी त्याच्या वतीने भरायचं. घरातलं कुणी वर्षाच्या मधे गेलं तर त्या तारखेपर्यंतच्या उत्पन्नाचं रिटर्न वारसाने भरायचं असतं, पोर्टलवर आधी वारस म्हणून नोंदणी करावी लागते, तिला वेळ लागतो.

यातलं काहीच लागू नाही? तरी टीडीएस कापला असेल तर भरा. शेअरमध्ये किंवा एफ अँड ओमध्ये (फ्युचर्स-ऑप्शन्सच्या सौद्यांत) तोटा झाला असेल तर तो पुढच्या वर्षांत वापरायला मुदतीत भरलेलं रिटर्नच लागतं, उशिरा भरलेलं चालत नाही. होम लोन किंवा व्हिसाच्या वेळी पण बँका, वकिलाती दोन-तीन वर्षांची रिटर्न मागतात.

पगारदार, पेन्शनरांसाठी तारीख ३१ जुलै. चुकली तर ३१ डिसेंबरपर्यंत लेट फी देऊन भरता येतं, उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर १,००० आणि वर ५,०००. साधा पगार-व्याजाचा मामला असेल तर पोर्टलवर फुकटात होतं, बरेच आकडे आधीच भरलेले येतात, फक्त एआयएसशी जुळवा. शेअर, परदेशी मालमत्ता, घरविक्री असलं काही असेल तर सीएची फी वाचवू नका. आणि सबमिट केल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करा, आधार ओटीपीने दोन मिनिटांत होतं. ते राहिलं तर रिटर्न भरलेलंच धरत नाहीत, आणि आधारला जोडलेला मोबाईल नंबर जुना असेल तर ओटीपी येणार नाही, तेव्हा तो नंबर जुलैच्या आधीच बदलून घ्या.