सव्वा महिना संपल्यावर बाळंतिणीकडे कोण बघतं?

"बाळ झोपलं की तुलाही झोप लागते का?" बाळंतिणीच्या मनाची चौकशी करायची असेल तर सुरुवात या प्रश्नाने करा. "कशी आहेस?" विचारलं की "बरी आहे" हेच उत्तर येतं, कारण खाटेजवळ आई, सासू, आत्या, शेजारीण असं कुणी ना कुणी बसलेलं असतं. झोपेचा प्रश्न कुणाला खटकत नाही. रात्रभर जागून दुपारी जिचा डोळा लागतो ती थकलेली आहे. पण बाळ दोन तास गाढ झोपलंय, घर शांत आहे, तरी ती आढ्याकडे बघत पडलीय आणि हे रोजचंच झालंय, तर तो नुसता थकवा नाही.

मनाचं दुखणं त्याच नावाने क्वचितच सांगितलं जातं. अहिराणी बोलणारी "मना जीव घाबरस" म्हणेल, नाहीतर "काहीच गोड लागत नही". कुणी फक्त डोकं आणि कंबर दुखते म्हणेल, कुणी "मला दूधच येत नाही" हेच धरून बसेल. बाळाचं वजन नीट वाढत असूनही ती तसं म्हणत असेल, तर दुधापेक्षा तिच्या काळजीकडे लक्ष द्या.

पाचवीच्या सुमारास येणारं रडू वेगळं. बाळंतपणानंतर शरीरातली संप्रेरकं झपाट्याने उतरतात आणि निम्म्याहून अधिक बाळंतिणी तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून कारण नसताना रडतात, चिडतात. हे दोन आठवड्यांत आपोआप ओसरतं. त्याला औषध लागत नाही, माणसं लागतात. "रडू नको, दूध आटेल" असं मात्र म्हणू नका. रडण्याने दूध आटत नाही. ताणात पान्हा फुटायला वेळ लागतो इतकंच, आणि या वाक्याने तो ताण वाढतो.

दोन आठवडे उलटूनही उदासी, बाळाबद्दल काहीच न वाटणं किंवा उलट क्षणभरही त्याला खाली न ठेवणं, "मी चांगली आई नाही" हा घोष, भूक मेलेली, असं चालूच राहिलं तर ते बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं. भारतातल्या अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब केला तर साधारण पाच बाळंतिणींत एकीला ते होतं. पुष्कळदा सुरुवात गरोदरपणातच झालेली असते. म्हणून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची तपासणी असते, तेव्हा पूर्वी कधी मनाचा आजार झाला होता का, घरात कुणाला होता का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. गोळ्या चालू असतील तर स्वतःच्या मनाने बंद करू नका. मात्र सोडियम व्हॅल्प्रोएटसारखं औषध गर्भाला घातक असतं. ते चालू असेल तर दिवस राहण्याआधीच, नाहीतर कळल्याबरोबर, ते बदलण्याबद्दल डॉक्टरांशी बोला.

खरी गफलत तारखांची होते. दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी येतात. सव्वा महिनाही त्याच सुमाराला संपतो. मग लाडू संपतात, पाहुण्या जातात, लेक माहेरहून सासरी येते, चूल-धुणं अंगावर पडतं, कपाशीची वेचणी असेल तर शेतही. नैराश्य तर वर्षभरात कधीही सुरू होऊ शकतं. शिवाय माहेरची आशाताई मागे राहते आणि सासरच्या आशाताईला काहीच ठाऊक नसतं. यावर साधा उपाय आहे: बाळाच्या लसींच्या तारखा. ६, १० आणि १४ आठवडे, पुढे ९ महिने. प्रत्येक लसीच्या दिवशी बाळाबरोबर आईचीही विचारपूस करायची, आणि सासरी निघण्याआधी दोन्हीकडच्या आशाताईंचं फोनवर बोलणं करून द्यायचं.

विचारताना ती एकटी हवी. सासू चांगली असली तरी. दोन प्रश्न पुरतात: गेल्या दोन आठवड्यांत बरेच दिवस मन उदास, निराश होतं का? ज्यात आनंद वाटायचा त्यात रस उरला नाही असं झालं का? एकाचंही उत्तर "हो" आलं तर दवाखान्यात नैराश्य ओळखायची एडिनबर्ग प्रश्नावली भरून घ्यायला सांगा. १९८७ साली तयार झालेल्या या प्रश्नावलीत गेल्या सात दिवसांबद्दल दहा प्रश्न असतात, प्रत्येकी ० ते ३ गुण. साधारणपणे १३ किंवा जास्त गुण झाले तर डॉक्टरांनी सविस्तर तपासायचं, १० ते १२ असतील तर दोन आठवड्यांनी पुन्हा भरायची. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा आहे. तिथे शून्य सोडून काहीही आलं तर बेरीज करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तोवर तिला एकटं ठेवू नका. घरातल्या गोळ्या आणि कपाशीवर फवारायची औषधं नुसती कुलपात ठेवून भागत नाही, घराबाहेरच हलवा.

रक्तही तपासा. हिमोग्लोबिन कमी असेल किंवा थायरॉईड बिघडला असेल तर चित्र हुबेहूब नैराश्यासारखं दिसतं. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायच्या असतात. चहा आणि कॅल्शियमची गोळी त्यांच्यापासून निदान दोन तास लांब.

आता झोप. घरच्यांना करता येण्यासारखं यापेक्षा मोठं काम नाही. तिला रोज सलग चार-पाच तास मिळवून द्यायचे. अंगावर पाजणं रुळलं की, म्हणजे साधारण तीन-चार आठवड्यांनी, अशी पाळी लावा: ती रात्री ९ला पाजून दुसऱ्या खोलीत झोपते. मधलं एक पाजणं काढलेल्या दुधाचं, उकळून घेतलेल्या वाटी-चमच्याने. ६० ते ९० मिली पुष्कळ. मग २च्या सुमाराला बाळ तिच्याकडे. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंत चार तास टिकतं, पण जळगाव-भुसावळच्या एप्रिल-मे महिन्यांत हा हिशेब विसरा. काढल्याबरोबर फ्रिजमध्ये, दारात नव्हे, आत ठेवा. गरम करायचं तर वाटी कोमट पाण्यात ठेवून, गॅसवर नाही. फ्रिज नसेल तर बाळ तिच्याजवळ फक्त पाजायला आणायचं. ढेकर काढणं, लंगोट बदलणं, निजवणं दुसऱ्याने करायचं आणि तिने खाटेवरून उठायचं नाही.

ही पाळी मोडते ती दोन कारणांनी. बाळ त्याच खोलीत ठेवलं तर त्याच्या प्रत्येक हुंकाराला ती जागी होते. आणि माहेरी सगळं एकट्या आजीवर पडतं, ती आठ दिवसांत आडवी होते. एकाआड एक रात्र मावशी, वहिनी, आजोबासुद्धा. नवऱ्याने आठवड्यातल्या दोन रात्री तरी मुक्कामाला यावं. नुसता व्हिडिओ कॉल ही मदत नव्हे.

बंद अंधारी खोली, शेगडी आणि मोजून दिलेलं पाणी हे त्रिकूट मे महिन्यातल्या खानदेशात अंगावर येतं. खिडकी उघडा, सकाळचं ऊन अर्धा तास घेऊ द्या, तहान लागेल तेवढं पाणी द्या.

बोलायला माणूस हवं असेल तर मनाच्या आजारांसाठीची सरकारी हेल्पलाइन टेलिमानस, १४४१६: मोफत, चोवीस तास, मराठीत. मुलगी झाली म्हणून किंवा इतर कशावरून घरात मारहाण होत असेल तर महिला हेल्पलाइन १८१. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथे मनोविकार विभागाची ओपीडी विचारा. सौम्य त्रासात समुपदेशन पुरतं. गोळ्या लागल्या तर फरक पडायला दोन ते चार आठवडे लागतात, त्यामुळे आठव्या दिवशी "गुण नाही" म्हणून सोडू नका. नैराश्यावरचं सरट्रालीन हे औषध दुधात फारच कमी उतरतं, सहसा अंगावर पाजणं बंद करावं लागत नाही.

"बाळ हातून पडेल, माझ्या हातून काही होईल" असे विचार नको असताना येतात आणि ती स्वतःच त्यांनी हादरते, हा चिंतेचा प्रकार पुष्कळ जणींत दिसतो. डॉक्टरांना दाखवा, पण लगेच बाळ हिसकावून घेऊ नका. वेगळी गोष्ट ही: दोन-तीन रात्री झोप नाही तरी थकवा नाही, बोलणं सुसाट आणि विस्कळीत, "हे बाळ माझं नाही, बदललंय", कानात आवाज, घरच्यांवर संशय. हजारात एक-दोघींना, बहुतेक पहिल्या दोन आठवड्यांत असं होतं. "बाहेरचं झालंय" म्हणून भगताकडे नेतात ते याच वेळी, आणि वेळ वाया जातो तोही इथेच. बाळाला तिच्याजवळ एकटं ठेवू नका, १०८ला फोन करा, जिल्हा रुग्णालय गाठा. सोबत ताप, घाण वासाचा स्राव किंवा वाढलेला रक्तदाब असेल तर तेही पहिल्याच डॉक्टरला सांगा. जंतुसंसर्गानेही बाई बरळते. भरती करावं लागलं तर २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे तीन वर्षांखालच्या मुलाला सहसा आईपासून वेगळं करायचं नसतं, तिच्या आजारामुळे बाळाला धोका आहे असं डॉक्टरांना वाटलं तरच. भरतीच्या वेळी ते विचारा, आणि वेगळं ठेवावंच लागलं तर बाळाला तिच्याकडे रोज देखरेखीखाली कधी आणता येईल, ते ठरवून घ्या.