नको असलेल्या भाषांच्या फाइली काढताय? या चुका टाळा

डिस्क भरत आली की जपानी, फिनिश, अरबी अशा कधीच न लागणाऱ्या भाषांच्या फाइली डोळ्यांत खुपायला लागतात. त्या काढायला काहीच हरकत नाही. बिघाड होतो तो फोल्डर हाताने डिलीट केल्यामुळे. ज्या यंत्रणेने फाइल ठेवली, तिच्याकडूनच ती काढून घ्या.

विंडोजवर ही चूक सर्रास होते. सिस्टम32 या विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये भाषेच्या नावांचे फोल्डर दिसतात, आत एमयूआय फाइली असतात. प्रोग्रॅमची मेनूतली वाक्ये याच फाइलींत असतात, म्हणून चुकीचा फोल्डर गेला की एखादी खिडकी उघडतच नाही किंवा मेनू रिकामा दिसतो. एवढा उपद्व्याप करून जागाही मिळत नाही! यातल्या बहुतेक फाइली हार्डलिंक असतात. म्हणजे तीच फाइल विनएसएक्सएस या विंडोजचे घटक साठवणाऱ्या फोल्डरमधूनही जोडलेली असते, त्यामुळे एक नाव पुसले तरी डिस्कवरचा मजकूर तिथेच राहतो. सेटिंग्जमधल्या भाषांच्या यादीतूनच भाषा काढा. ‘रिमूव्ह’ दाबता येत नसेल तर बहुधा तीच भाषा डिस्प्लेसाठी निवडलेली असते. ती बदला, साइन आउट करा, मग पुन्हा बघा.

मराठीत विंडोज वापरणाऱ्यांनी इंग्रजीला हात लावू नये. मराठीचा पॅक इंग्रजीच्या पायावर उभा आहे. ज्याचे भाषांतर झालेले नाही ते इंग्रजीतून दाखवले जाते. शिवाय यादीतून भाषा काढली की तिचा कीबोर्डही जातो, हे लक्षात ठेवा. हाताने फाइली आधीच उडवल्या असतील तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘एसएफसी स्कॅननाऊ’ (sfc /scannow) चालवा. गहाळ सिस्टम फाइली बहुतेक वेळा परत येतात.

लिनक्सवर दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते, आणि ती मीही केली आहे. यूएसआर, शेअर, लोकेल या वाटेवर (/usr/share/locale) प्रोग्रॅमचे भाषांतरित संदेश असतात, एमओ फाइलींच्या रूपात. त्यातली कोरियन गेली तर फार काही बिघडत नाही, कारण मूळ इंग्रजी वाक्ये प्रोग्रॅमच्या आतच असतात. लोकेलची व्याख्या मात्र निराळी: तारीख कशी लिहायची, वर्णक्रम कोणता, अक्षरे कोणत्या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे कोणत्या संकेतांनुसार, वाचायची, हे ती ठरवते. मी चालू लोकेलचीच व्याख्या पुसली. टर्मिनलमध्ये दर वेळी पर्ल ही प्रोग्रॅमिंग भाषा ‘सेटिंग लोकेल फेल्ड’ म्हणून बजावू लागली, आणि देवनागरी नावांच्या फाइलींच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसली. फाइली शाबूत होत्या, नावेही तीच होती. ती वाचायची रीतच हरवली होती. डेबियन किंवा उबंटू या लिनक्सच्या प्रकारांवर लोकेल्स पॅकेज (एकत्र बसणारा फाइलींचा संच) रीकॉन्फिगर करून आपले यूटीएफ-8 एन्कोडिंगचे लोकेल पुन्हा तयार केले की हे सुटते.

डेबियन-उबंटूच्या याच घराण्यात नको त्या भाषांच्या फाइली काढणारे लोकेलपर्ज नावाचे साधन आहे. ते बसवताना कोणती लोकेल ठेवायची हे विचारते. घाईत पुढे जाऊ नका; इंग्रजी आणि आपली भाषा, दोन्हींवर खूण करा. नुसते फोल्डर पुसले तर पॅकेज अद्ययावत होताच फाइली परत येतात. लोकेलपर्ज पॅकेजे बसवल्यावर पुन्हा सफाई करते. पुढे एखादी भाषा लागली, तर आधी ती ठेवायच्या यादीत घाला आणि मगच त्या प्रोग्रॅमचे पॅकेज पुन्हा बसवा.

मॅकवर फायदा त्या मानाने कमी. 2020 च्या बिग सरपासून सिस्टमचा भाग सीलबंद असतो, तिथे सफाईची साधने पोहोचत नाहीत. उरतात ती इतर अ‍ॅप्स. त्यांच्या आतले भाषांचे एलप्रोज फोल्डर डिजिटल सहीत (अ‍ॅपमध्ये फेरफार झालेला नाही हे दाखवणाऱ्या खुणेत) सहसा ऐच्छिक धरलेले असतात, म्हणून गेले तरी सही टिकते. ‘बेस’ नावाचे फोल्डर मात्र ऐच्छिक नसते. ते भाषेचे नाव नाही म्हणून फालतू समजून काढू नका. सही मोडते आणि अ‍ॅपच्या खिडक्यांची मांडणीही बहुधा त्यातच असते. असे झाले तर अ‍ॅप काढून नव्याने बसवणे हाच सरळ उपाय.

या सगळ्याआधी एक करा: कुठे किती जागा अडली आहे ते मोजा. संदेशांच्या फाइली एकेकट्या लहान असतात; फॉन्ट आणि मजकूर वाचून दाखवण्यासाठी उतरवून ठेवलेले आवाज त्यापेक्षा कितीतरी जड. उदाहरणार्थ, चिनी-जपानी-कोरियन अक्षरांचा नोटो सान्स सीजेके हा फॉन्टसंच पाहा. त्याच्या एकेका फॉन्टमध्ये 65,535 अक्षराकृती आहेत. तो पॅकेज मॅनेजरमधून काढता येतो, फक्त त्या लिप्यांतला मजकूर मग चौकोनांत दिसेल.