घरासाठी इलेक्ट्रिक स्मोकर कसा निवडावा

मांस धुरावण्याचं यंत्र घ्यायचं म्हटलं की सगळ्यांची पहिली चौकशी धुराची असते. धूर हा त्यातला सोपा भाग आहे. इलेक्ट्रिक स्मोकर म्हणजे विजेच्या कॉइलवर तापणारं कपाट, आणि मूठभर लाकडी ढलप्या तापल्या की असं कुठलंही कपाट धूर काढतं. ११० अंश सेल्सिअस तापमान सहा-आठ तास धरून ठेवणं मात्र प्रत्येकाला जमत नाही, आणि चिवट मांस मऊ होतं ते या मंद, एकसारख्या आचेवरच. म्हणून निवडताना आधी उष्णता पाहा, मग धूर, आणि बटणं सगळ्यात शेवटी.

१. काय शिजवणार ते ठरवा

बहुतेक इलेक्ट्रिक स्मोकर १३५ अंशांच्या आसपास थांबतात. कोंबडीची कातडी कुरकुरीत व्हायला याहून बरीच जास्त आच लागते, म्हणजे शेवटची काही मिनिटं ओव्हनमध्ये काढावी लागणार. धुरावलेल्या मांसाच्या कडेला दिसणारी गुलाबी पट्टीही इथे फारशी उमटत नाही. ती लाकूड-कोळसा जळताना निघणाऱ्या वायूंमुळे येते आणि विजेच्या कॉइलमधून ते वायू निघत नाहीत. चवीत तिच्यामुळे काही फरक पडत नाही, पण ती हवीच असेल तर कोळशाचा स्मोकर घ्यावा. चीज किंवा मासे गार धुरात, म्हणजे ३० अंशांच्या खाली धुरावायचे असतील, तर धूर वेगळा तयार करून आत सोडणारी जोडणी त्या मॉडेलला बसते का, ते आधीच विचारा.

२. जाळी मोजा

बाहेरचं माप सोडून द्या, आतली जाळी मोजा. बरगड्यांची अख्खी पट्टी ४० सेंटिमीटरच्या पुढे सहज जाते आणि लहान कपाटातल्या बऱ्याच जाळ्या त्याहून अरुंद असतात. तुकड्यांमधून धूर फिरायला दोन बोटं जागाही सोडावी लागते. चार माणसांच्या घराला मध्यम आकार पुरतो. मोठं कपाट अर्धं रिकामं असलं तरी तेवढंच तापवावं लागतं.

३. उष्णता कशी टिकते ते तपासा

लहान कपाटाला साधारण ८०० वॅटची कॉइल असते, मोठ्याला १२०० वॅट किंवा जास्त. पण नुसत्या वॅटवर जाऊ नका. भिंत दुहेरी आहे का, मध्ये उष्णतारोधक थर आहे का, हे पाहा. थंडीत किंवा वाऱ्यात एकेरी पत्र्याचं कपाट तापायलाच तयार नसतं. दुकानात एक साधी परीक्षा घेता येते. कागदाची पट्टी दाराच्या फटीत धरून दार लावा आणि ती हळूच ओढा. चारही बाजूंना ती अडकली पाहिजे. एखाद्या कोपऱ्यात अलगद निघून आली, तर धूर आणि उष्णता तिथूनच जाणार. काचेचं दार दिसायला छान, पण दोन-चार वापरांत काजळीनं काळं होतं आणि आतलं काही दिसेनासं होतं.

नॉबचा साधा थर्मोस्टॅट तापमान बरंच खाली आलं की कॉइल चालू करतो, त्यामुळे आकडा वरखाली होत राहतो. मांसाच्या मोठ्या तुकड्याला दहा अंशांच्या चढउताराने काही होत नाही, माशाला मात्र होतं. पीआयडी कंट्रोलर, म्हणजे तापमान सतत मोजणारा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक, कॉइलला थोडीथोडी वीज देत आच बरीच स्थिर ठेवतो. जास्तीचे पैसे एकाच सोयीवर घालायचे असतील, तर माझ्या मते ते इथे घालावेत. मोबाइलवरून चालवण्याची सोय त्यानंतर.

४. ढलप्या बाहेरून टाकता आल्या पाहिजेत

ही अट मी कधीच सोडणार नाही. माझ्या पहिल्या स्मोकरमध्ये ढलप्यांचा ट्रे आत, कॉइलवर होता. मूठभर ढलप्या पाऊण तासात संपत. दर वेळी दार उघडलं की आतली ऊब भस्सकन बाहेर यायची, काटा खाली जायचा आणि पुन्हा चढायला वीसेक मिनिटं लागायची. सहा तासांच्या कामात किती वेळ असा वाया जातो, त्याचा हिशेब करा. बाजूच्या नळीतून ढलप्या आत ढकलता येतात असं मॉडेल घ्या.

ढलप्या भिजवू नका, आधी नुसती वाफ निघते. धूर पातळ, निळसर हवा. दाट पांढरा लोट निघत असेल, तर ढलप्या जास्त झाल्यात किंवा स्मोकरची धूर जायची वरची खिडकी बंद आहे, आणि मांस कडवट होणार. लाकूड कठीण आणि कोरडं घ्या, ओक, सफरचंद किंवा चेरीचं. पाइनसारखं चिकाचं लाकूड, प्लायवूड, रंगवलेले तुकडे अजिबात नकोत.

५. वेगळा थर्मामीटर घ्या

दारावरच्या आकड्यावर विसंबू नका. मांसात खुपसायचा प्रोब घ्या आणि उकळत्या पाण्यात तपासा. समुद्रसपाटीला १०० अंश दिसायला हवेत, उंचीवर दर ३०० मीटरला साधारण एक अंश कमी. कोंबडी आतून ७४ अंशांवर गेली पाहिजे, खिमा ७१, बीफ-पोर्कचे अख्खे तुकडे ६३ अंश आणि वर तीन मिनिटं विसावा. मोठा तुकडा ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान तासन् तास अडकतो. पृष्ठभागावरचं पाणी वाफ होऊन मांसाला गार ठेवत असतं. यंत्र बिघडलंय असं समजून ते परत करायला निघू नका.

६. वीज आणि जागा

स्मोकर घराबाहेरच चालवायचा, कारण त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. खिडकी उघडी ठेवलेली खोलीसुद्धा चालणार नाही. व्होल्टेजची पाटी वाचा. १२० व्होल्टचं यंत्र २३० व्होल्टला लावलं तर कॉइल जळते. सॉकेटला अर्थिंग आणि विजेची गळती झाली की आपोआप वीज तोडणारा ब्रेकर हवा. एक्स्टेन्शन लागलंच तर जाड तारेचं आणि आखूड. ओशट थेंब झेलणारा ट्रे सहज निघतो का आणि कॉइल वेगळी विकत मिळते का, हे पैसे देण्याआधीच विचारा.

७. घरी आणल्यावर

पहिल्यांदा रिकामाच तीन तास पूर्ण आचेवर चालवा, शेवटच्या पाऊण तासात ढलप्या टाका. कारखान्यातलं तेल जळून जातं. मग प्रोब जाळीवर डावीकडे, उजवीकडे, मागे ठेवून आकडे लिहून घ्या. जिथे आकडा चढा दिसेल, तिकडे मांसाचा जाड भाग करायचा.