फोटोवरून पोर्ट्रेट करताना या चुका टाळा

नाक, डोळे, ओठ सगळं मोजून जागच्या जागी बसवलं, तरी चित्रातला माणूस ओळखीचा वाटत नाही. मग दोष हाताला दिला जातो. बहुतेक वेळा घोळ त्याआधीच, फोटो काढतानाच झालेला असतो.

नाक मोठं, कान मागे पळालेले

हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोचा हा ठरलेला दोष. नाकाचं टोक आणि कान यांच्यात साधारण 12 सेंटिमीटरचं अंतर धरा. कॅमेरा नाकापासून 50 सेंटिमीटरवर असेल, तर कानाच्या मानाने नाक जवळजवळ 24 टक्के मोठं येतं. तोच कॅमेरा 2 मीटरवर नेला की हा फरक 6 टक्क्यांवर येतो. लोक लेन्सला नावं ठेवतात, पण हा खेळ अंतराचा आहे. म्हणून दीड-दोन मीटर मागे सरका आणि मग झूम करा. कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर ठेवा. वरून घेतला तर कपाळ फुगतं नि हनुवटी आखडते, खालून घेतला तर नाकपुड्याच आधी दिसतात. बिघडलेला फोटो रेखाटताना 'अंदाजाने' सुधारायच्या भानगडीत पडू नका, शक्य असेल तर फोटो पुन्हा काढा.

सेल्फी असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. काही फोन चेहरा आरशातल्यासारखा उलटा साठवतात. भांग, तीळ, घड्याळाचा हात यांवरून ते कळतं. घरच्यांना मात्र कारण न कळता चेहरा 'कसासाच' वाटतो.

सावल्यांचे काळे डाग

समोरून फ्लॅश मारला की चेहरा सपाट होतो आणि डोळ्याच्या बाहुलीच्या मधोमध पांढरा ठिपका बसतो. फ्लॅश बंद करा. माणसाला मोठ्या खिडकीजवळ असं बसवा, की उजेड एका बाजूने, 45 अंशांच्या आसपास आणि किंचित वरून येईल. खोलीतले दिवे बंद ठेवा, नाहीतर एक गाल निळसर आणि दुसरा पिवळा पडतो.

कॅमेरा स्टँडवर ठेवून एकाच जागेवरून तीन फोटो घ्या: एक नेहमीचा, एक एका स्टॉपने उजळ (म्हणजे दुप्पट उजेड घेऊन), एक एका स्टॉपने गडद (निम्मा उजेड घेऊन). सावलीतला डोळा आणि जबड्याखाली आजूबाजूने परावर्तित होऊन आलेला उजेड उजळ फोटोत सापडतो, तर कपाळावरच्या चकाकीचा आकार गडद फोटोत. एकाच फोटोवर भिस्त ठेवली, तर जबड्याखाली निव्वळ काळा रंग भरला जातो आणि तिथे भोक पडल्यासारखं दिसतं. अशा वेळी काळा खरवडून बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) या रंगांचा पातळ थर द्या.

जुन्या फोटोवरून काम करताना वेगळीच फसगत होते. 19व्या शतकातल्या फोटोच्या बहुतेक प्लेटा निळ्या प्रकाशाला चटकन दाद देत आणि लाल रंगाला जवळजवळ आंधळ्या असत. त्यामुळे निळे डोळे पांढुरके उमटत, ओठ आणि त्वचेवरचे तांबूस ठिपके काळपट. तो गडदपणा तसाच उचलला, तर गुलाबी ओठांचा माणूस काळ्या ओठांचा होतो.

चौकटी जुळत नाहीत

10×15 सेंटिमीटरचा फोटो आणि 40×50 चा कॅनव्हास. रुंदी चौपट होते, उंची मात्र 3.3 पट. कोणीतरी फोटो ताणून बसवतो आणि चेहरा रुंदावतो. आधी फोटो 10×12.5 वर कापा. आता अडीच सेंटिमीटरच्या चौकटी आखल्या की 4×5 अशा 20 चौकटी येतात, कॅनव्हासवर त्याच 10 सेंटिमीटरच्या. मग एकेका चौकटीतलं चित्र त्याच जागच्या चौकटीत उतरवा. चेहरा जिथे येतो, तिथल्या चौकटींचे पुन्हा चार-चार भाग करा. कोळशाने अगदी हलक्या रेषा मारा. दाबून मारलेली पेन्सिल फिक्या रंगाखालून कालांतराने डोकावते.

प्रोजेक्टर वापरणं म्हणजे लबाडी, असं मानायचं कारण नाही. अमेरिकेतल्या बाल्टिमोरचे पोर्ट्रेटकार डेव्हिड वुडवर्ड यांनी 1857 मध्येच सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या एन्लार्जरचं, म्हणजे फोटो मोठा करून कॅनव्हासवर पाडणाऱ्या यंत्राचं, पेटंट घेतलं होतं. पण प्रोजेक्टर जरा तिरका असला, तरी डोकं वर किंवा खाली निमुळतं होतं. आधी कोरा चौरस कॅनव्हासवर पाडा आणि त्याच्या चारही बाजू आणि दोन्ही कर्ण मोजा. चारही बाजू सारख्या आणि दोन्ही कर्ण समान येईपर्यंत कॅनव्हास हलवा.

ट्रेसिंगची खरी चूक बाह्यरेषा गिरवण्यात होते. सावलीची कडा ही रेषा समजून गिरवली, की चेहऱ्याचा नकाशा तयार होतो आणि गालाची गोलाई हरवते. अमेरिकन चित्रकार थॉमस इकिन्स यांच्या काही चित्रांत, चित्रांची जपणूक करणाऱ्या संवर्धकांना रंगाखाली टोकदार हत्याराने केलेल्या बारीक खुणा सापडल्या, प्रक्षेपित फोटोवरून घेतलेल्या. तुम्हीही खुणाच घ्या: डोळ्यांचे चार कोपरे, नाकपुड्या, ओठांची टोकं, हनुवटी, कानाच्या पाळ्या. मग प्रोजेक्टर बंद करून बाकीचं नजरेने काढा.

रंग मेलेले, कडा कापलेल्या

मोबाइलच्या स्क्रीनला स्वतःचा उजेड असतो, रंगाला नसतो. स्क्रीन पूर्ण उजळ ठेवून रंग जुळवत बसलात, तर पांढरा कधीच पुरणार नाही. ब्राइटनेस कमी करा किंवा मॅट कागदावर प्रिंट घ्या. त्याहून चांगला उपाय म्हणजे त्या व्यक्तीला अर्धा तास समोर बसवा आणि कपाळ, गाल, हनुवटी, सावलीतली मान असे पाच-सहा रंगांचे ठिपके तेवढ्या वेळात एका पुठ्ठ्यावर मिसळून ठेवा. पुढे सगळं काम फोटोवरून झालं, तरी रंग या पुठ्ठ्यावरूनच घ्यायचा.

कॅमेरा कानामागचा केसही तितक्याच धारेने टिपतो. जर्मन चित्रकार लेनबाख फोटोंचा सर्रास वापर करत, तरी त्यांच्या चित्रांत डोळे आणि चेहरा नीट रंगवलेला आणि कपडे बरेचदा झटपट उरकलेले दिसतात. लांबच्या कानाची आणि खांद्याची कडा रंग ओला असतानाच कोरड्या ब्रशने पुसट करा.

अनेक फोटो, एक चित्र

वेगवेगळ्या उजेडात आणि अंतरावरून काढलेले फोटो एका चित्रात आणले, तर समूहचित्रात ते लगेच उघडं पडतं. स्कॉटिश चित्रकार डेव्हिड ऑक्टेवियस हिल यांनी 1843 मध्ये स्कॉटलंडमधल्या चर्चच्या फुटीचं भव्य चित्र हाती घेतलं आणि छायाचित्रकार रॉबर्ट ॲडमसन यांच्या साथीने त्यातल्या माणसांचे कॅलोटाइप (कागदावरचे सुरुवातीच्या काळातले फोटो) काढले. चारशेहून अधिक चेहऱ्यांचं ते चित्र 1866 मध्ये संपलं. प्रत्येक चेहरा ओळखू येतो, पण गर्दी मात्र चिकटवल्यासारखी वाटते. दोनच माणसं असली, तरी दोघांचे फोटो एकाच खिडकीपाशी, एकाच अंतरावरून, कॅमेऱ्याची उंची तीच ठेवून घ्या. ते शक्य नसेल तर उजेडाची दिशा एका फोटोची पक्की धरा आणि दुसऱ्याच्या नाकाची सावली त्या बाजूला वळवून आधी छोट्या कागदावर काळ्या-पांढऱ्यात काढून बघा.