फिनिक्सचं जड पाणी: नवीन आलेल्या घरांसाठी

अमेरिकेत फिनिक्सच्या शेजारच्या चँडलरला आमच्या मागच्या गल्लीत नागपूरचंच एक कुटुंब राहायला आलं. महिनाही झाला नसेल, तिथली सूनबाई स्टीलची किटली घेऊन दारात उभी. "काकू, याला आतून बुरशी लागली का हो? बाळाचं पाणी यातच उकळते मी." मी आत बोट फिरवलं. तळाला खरखरीत पांढरट थर होता. नखानं खरवडला तर अंड्याच्या टरफलासारखे पापुद्रे निघाले. बुरशी नव्हती, चुनखडी होती. पोटात गेली तरी अपाय नाही, हे आधी सांगितलं, कारण पोरीचा चेहरा अगदी उतरला होता. मग चहा ठेवला आणि चौदा वर्षांत या पाण्याबद्दल जे कळलं ते तिला सांगत बसले. तेच इथे लिहितेय.

आपल्या नळाला येणारं पाणी सॉल्ट आणि व्हर्डे नद्यांचं, काही ठिकाणी विहिरींचं, आणि बरंचसं कोलोरॅडो नदीचं. कोलोरॅडोचं पाणी लेक हवासूपासून निघणाऱ्या ३३६ मैलांच्या कालव्यातून वाळवंट ओलांडत येतं. खडकांतून वाहताना त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम विरघळतं, आणि धरणात, उघड्या कालव्यात ऊन पाणी उडवून नेतं, क्षार मागे ठेवतं. असं क्षारांचं पाणी म्हणजे जड पाणी. शाळेच्या पुस्तकात आपण 'दुष्फेन' पाणी शिकलो, ते हेच.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: हे पाणी जिथं तापतं आणि जिथं वाळतं, तिथंच थर बसतो. पाणी तापलं की विरघळलेल्या बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट तळाशी बसतं. म्हणून घरभर घासत फिरू नका. किटली, गीझर, शॉवर, नळाची तोंडं, डिशवॉशर, कूलर एवढ्यांवर नजर ठेवली की झालं.

आधी आपल्या पाण्याचा आकडा बघा. शहराचा पाणी गुणवत्तेचा वार्षिक अहवाल १ जुलैपर्यंत ग्राहकांना मिळायलाच हवा, असा इथला कायदा आहे. त्यात जडपणा दिला नसेल तर पाणी खात्याला फोन करा. आकडा कधी गॅलनला ग्रेनमध्ये असतो, कधी लिटरला मिलिग्रॅममध्ये. गॅलनला १ ग्रेन म्हणजे लिटरला १७.१ मिलिग्रॅम. आमच्याकडे साधारण १५ ग्रेन, म्हणजे अडीचशेच्या वर. १८० च्या पुढचं पाणी इथं 'फार जड' धरतात. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याला २०० ही इष्ट मर्यादा आहे.

किटलीसाठी निम्मं पाणी, निम्मं पांढरं व्हिनेगर घालून उकळी आणा आणि अर्धा तास तसंच ठेवा. बुडबुडे येऊन थर सुटतो. वास नको असेल तर लिटरभर पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व घाला, तेही तेवढंच चालतं. नंतर एकदा साधं पाणी उकळून फेकून द्या. नळाच्या तोंडाची जाळी हातानं फिरवून निघते. ती वाटीभर व्हिनेगरमध्ये बुडवून जुन्या टूथब्रशनं घासा. धार बारीक झाली म्हणून लोक प्लंबरला बोलावतात, आणि तो हीच जाळी साफ करून जातो. शॉवरला व्हिनेगरची प्लॅस्टिकची पिशवी रबर बँडनं बांधा, पण तासाभरानं काढा. रात्रभर ठेवली तर मुलामा उडू शकतो.

इथं दोन गोष्टी कळकळीनं सांगते. व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र येऊ देऊ नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. आणि संगमरवरावर व्हिनेगर किंवा लिंबू नको. संगमरवर म्हणजेही कॅल्शियम कार्बोनेटच. देव्हाऱ्याखालच्या पाटावरचे पाण्याचे डाग काढायला मी व्हिनेगरचं फडकं फिरवलं, तर डागाबरोबर दगडाची चकाकीच गेली. तो निस्तेज पट्टा आजही आहे. संगमरवराजवळ पाणी सांडलं की लगेच कोरडं पुसा, दुसरा उपाय नाही.

गीझरकडे मात्र सगळ्यांचंच दुर्लक्ष होतं. इथला गीझर म्हणजे गराजमधली चाळीस-पन्नास गॅलनची टाकी, आणि तिच्या तळाला थर साचतो. गॅसचा असेल तर ज्योतीची उष्णता त्या थरातून पाण्यापर्यंत पोचावी लागते. थराखाली अडकलेलं पाणी उकळतं आणि टाकी खडखडते. तो आवाज आला की समजा उशीर झालाय. वर्षातून एकदा टाकी धुवायची. गॅसचा असेल तर बटण 'पायलट'वर आणा, म्हणजे नुसती छोटी ज्योत राहते; विजेचा असेल तर ब्रेकर बंद करा. ब्रेकर चालू ठेवून टाकी रिकामी केली तर आतली कॉइल जळते. काही तास पाणी निवू द्या. थंड पाण्याची चावी बंद करा, खालच्या तोटीला बागेची नळी लावून तिचं टोक बाहेर न्या, आणि घरातला एक गरम पाण्याचा नळ उघडा म्हणजे टाकीत हवा शिरेल. मग तोटी सोडा. पहिल्या वर्षी आमच्या नळीतून पाण्याआधी वरीच्या तांदळासारखी पांढरी कणी आली, बादलीच्या तळाला मूठभर जमली. टाकी रिकामी झाली की थंड पाण्याची चावी मध्येमध्ये उघडून तळ खळबळवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग तोटी बंद करून टाकी पूर्ण भरा, गरम नळातून सलग धार आली की मगच गीझर चालू करा. बरीच वर्षं कुणी धुतलेला नसेल तर आधी माहितगाराला दाखवा, कारण जुनी तोटी उघडल्यावर नीट बंद होत नाही.

स्वयंपाकात तूरडाळ, राजमा, छोले शिजता शिजत नाहीत ते याच पाण्यामुळे. कॅल्शियम दाण्यातल्या पेक्टिनला धरून ठेवतं. चिमूटभर सोडा घातला की दाणा मऊ होतो, पण बी१ जीवनसत्त्व जातं. त्यापेक्षा भिजवायला आणि शिजवायला सिंकखालच्या आरओचं पाणी घ्या. चहाही त्याच पाण्याचा, म्हणजे वर तवंग येत नाही. कुकरच्या तळातल्या पाण्यात चिंचेचं बुटुक टाका. आई हे बोरच्या पाण्यासाठी करायची.

आता सॉफ्टनर, म्हणजे पाणी मऊ करणारं यंत्र. विक्रेता घरी येतो, ग्लासात थेंब टाकून पाणी गढूळ करून दाखवतो, बाळ असलेलं घर असेल तर जास्तच घाबरवतो. आम्हीही गरजेच्या दुप्पट मोठं यंत्र घेऊन बसलो. हिशेब साधा आहे: माणसं, गुणिले माणशी रोजचे ६० गॅलन, गुणिले ग्रेन. चार माणसं, १५ ग्रेन म्हणजे रोज ३,६०० ग्रेन, आठवड्याला पंचवीस हजार. आठवड्यातून एकदा धुतलं जाणारं ३२,००० ग्रेनचं यंत्र पुरतं. सॉफ्टनर क्षार कमी करत नाही, कॅल्शियमच्या जागी सोडियम देतो. २५० मिलिग्रॅमचं पाणी मऊ केलं की लिटरला जवळजवळ ११५ मिलिग्रॅम सोडियम वाढतं. घरात कुणाला रक्तदाब असेल तर पिण्याचा नळ सॉफ्टनरवर नको, किंवा त्यापुढे आरओ हवा.

हे यंत्र ठरावीक काळानं मिठाच्या पाण्यानं स्वतःला धुतं, आणि ते मीठ नाहीसं होत नाही. यंत्र धुतलं की खारं पाणी गटारात जातं. इथं सांडपाणीसुद्धा वाया घालवत नाहीत. शुद्ध करून त्याच पाण्यानं पॅलो व्हर्डे अणुवीज केंद्र थंड ठेवतात. त्यात आपलं मीठ जितकं कमी जाईल तितकं बरं, म्हणून घड्याळावर नाही, वापरलेलं पाणी मोजून धुणारं यंत्र घ्या. भाड्याच्या घरात तर सॉफ्टनरच्या फंदात पडूच नका.

अंगणात कूलर असेल तर नागपूरसारखंच: टाकीतलं पाणी आटत राहतं, क्षार दाट होत जातात आणि ताट्या दगड होतात. अधूनमधून टाकी पूर्ण रिकामी करा.

तुळशीला सॉफ्टनरचं पाणी अजिबात घालू नका, सोडियमनं माती घट्ट होते आणि मुळं गुदमरतात. बाहेरचा नळ बहुतेक घरांत सॉफ्टनरच्या आधीच काढलेला असतो, तरी विचारून खात्री करा. रोज थोडं थोडं घालण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी, उन्हाळ्यात रोज सकाळी, पण कुंडीच्या भोकातून वाहून जाईल इतकं घाला, म्हणजे क्षार खाली धुतले जातील. पानांची टोकं करपायला लागली, कुंडीच्या काठावर पांढरी रेघ दिसली, की वरची बोटभर माती काढून नवी घाला.